पहिली एआर-१५ घेताना: आधी डोळे तपासा, मग दुकानात जा

टेक्ससमधला मराठी माणूस रायफल घ्यायची म्हणाला की पहिला फोन दुकानात करत नाही, ओळखीतल्या कुणाला तरी करतो. आमच्या कंपूत तो फोन बहुतेक वेळा मला येतो. आणि संवाद ठरलेला असतो: "दादा, रायफल ठरली, आता स्कोप कुठली लावू?" मी विचारतो, चष्म्याचा नंबर किती? समोर दोन सेकंद शांतता. माणसाला वाटतं, मी विषय बदलतोय.

मी विषय बदलत नसतो. एक सर्वसाधारण, भरवशाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल जमवताना पैसे चुकीच्या जागी जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. रायफल फोटोत कशी दिसते ते पाहून भाग निवडले जातात. ती कुणाच्या डोळ्यांसाठी आणि किती अंतरासाठी आहे, हा प्रश्न शेवटी येतो. हा लेख एआर-१५ प्रकारच्या रायफलीबद्दल आहे, कारण अमेरिकेत सुटे भाग, मॅगझिन (काडतुसांची सुटी पेटी), काडतुसं आणि दुरुस्ती जितक्या सहज या रायफलीला मिळतात तितक्या दुसऱ्या कशालाच नाहीत. 'एआर' म्हणजे आर्मालाइट रायफल; युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ती आर्मालाइट कंपनीत घडवली, कंपनीनं हक्क कोल्टला विकले आणि कोल्टनं १९६४ मध्ये सामान्य ग्राहकासाठी सेमी-ऑटोमॅटिक आवृत्ती बाजारात आणली. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा दाबला की एक गोळी. पुढचं काडतूस रायफल स्वतः भरते.

माझी स्वतःची ओळख बंदुकीशी झाली ती कॉलेजात, एनसीसीच्या .२२ रायफलीवर. पाच गोळ्या मिळायच्या आणि त्या पाचांचा हिशोब उस्तादांना द्यावा लागायचा. त्या सवयीचा फायदा इथे अजून होतो.

पायरी शून्य: व्हिसा, राज्य आणि घरातलं कुलूप

हे कंटाळवाणं वाटेल, पण आपल्या लोकांचे पाय नेमके इथेच अडकतात. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नागरिक आणि ग्रीन कार्डधारक रायफल घेऊ शकतात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला मात्र बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू आहेत की नाहीत हे वकिलाकडून समजून घ्या, मित्राकडून नको. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची रायफल तासाभरासाठी हातात घेणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत 'ताबा' ठरू शकतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना हौसेनं रेंजवर नेऊन दोन गोळ्या झाडायला लावणारे मी पाहिलेत. करू नका. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट राज्य. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मेरिलँड, मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन इथे या रायफलींवर बंदी किंवा कडक अटी आहेत. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये मॅगझिनची मर्यादा १० काडतुसांची, कोलोरॅडोत १५ ची. न्यू जर्सीत एडिसनला किंवा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत असाल तर खालच्या लेखातला निम्मा भाग आपल्या राज्याच्या नियमांच्या चाळणीतून गाळूनच वाचा. आज डॅलसला राहून उद्या नोकरीसाठी जर्सीला जाणार असाल, तर ट्रकमध्ये सोफ्यासोबत रायफल टाकून चालत नाही.

खरेदीच्या वेळी दुकानदार फॉर्म ४४७३ भरून घेतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. कायद्याच्या दृष्टीनं 'बंदूक' म्हणजे खालचा सांगाडा, लोअर रिसीव्हर, ज्यावर अनुक्रमांक असतो. नळीसकट वरचा भाग थेट घरी येऊ शकतो, मागवलेला लोअर मात्र परवानाधारक दुकानातूनच ताब्यात घ्यावा लागतो. दुसऱ्यासाठी म्हणून आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे, तो दुसरा म्हणजे सख्खा मेहुणा असला तरी.

आणि घर. रायफलीच्या बजेटमध्ये पहिली ओळ तिजोरीची लिहा. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे तर आठवड्याला कुणाची ना कुणाची मुलं घरभर पळत असतात.

पायरी एक: काम ठरवा आणि आकड्यात लिहा

'सगळ्यासाठी' हे उत्तर नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: '५० ते २०० यार्ड, कागद आणि लोखंडी पाट्या, बसून आणि उभ्यानं, वर्षाला सुमारे १,५०० काडतुसं.' एवढ्यानं अर्ध्या गोष्टी आपोआप बाद होतात. २०० यार्डांसाठी २५ पट मोठं दाखवणारी स्कोप नको. उभ्यानं नेम धरायचा तर पाच किलोची रायफल नको. वर्षाला १,५०० काडतुसं म्हणजे एका काडतुसाचे साधारण अर्धा डॉलर धरले तरी ७५० डॉलर नुसते दारूगोळ्याचे. तेव्हा सगळी पुंजी रायफलीत ओतून चालणार नाही.

मी लोकांना सांगतो ती वाटणी अशी: हातात २,००० डॉलर असतील तर रायफल ८०० ते ९०० ची, ऑप्टिक (नेम धरायची काच) आणि माउंट (ती रायफलीवर बसवायची बैठक) ४०० ते ५०० चं, आणि उरलेले काडतुसं, मॅगझिन, कानाचं संरक्षण आणि एका चांगल्या शिक्षकाच्या दिवसभराच्या वर्गासाठी. लोक ऐकून मान डोलावतात आणि १,६०० ची रायफल घेऊन ६० डॉलरचा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) लावतात.

पायरी दोन: रायफल तयारच घ्या, पण हे चार भाग पाहून

पहिली रायफल सुटे भाग जमवून बांधू नका. बांधण्यात मजा आहे, मीही नंतर बांधली, पण रायफल अडकायला लागली की दोष नळीत आहे, गॅसमध्ये आहे की तुमच्या जोडणीत, हे नवख्याला कळत नाही. नावाजलेल्या कंपनीची साधी, तयार रायफल घ्या.

नळी. लांबी १६ इंच. त्याहून आखूड नळीची रायफल वेगळ्या फेडरल नोंदणीत जाते, त्या भानगडीत पहिल्यांदा पडू नये. नळीवर कोरलेली अक्षरं वाचा: '५.५६ नाटो' किंवा '.२२३ वाइल्ड' असावं. ५.५६ आणि .२२३ रेमिंग्टन ही काडतुसं बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात, पण ५.५६ च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, पुढे थोडी जास्त मोकळीक असते. त्यामुळे ५.५६ च्या नळीत दोन्ही चालतात; नुसत्या .२२३ च्या नळीत ५.५६ झाडलं तर दाब धोकादायक वाढू शकतो.

नळीतला पीळ १:७ किंवा १:८ घ्या. म्हणजे गोळी ७ किंवा ८ इंचांत एक पूर्ण गिरकी घेते. या पिळात ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त गोळीही चालते आणि ७७ ग्रेनची जड, अचूक गोळीही स्थिर राहते. १:९ मध्ये जड गोळ्या डळमळू शकतात. आतून क्रोमचा मुलामा की नायट्राइड, यावर लोक रात्र-रात्र भांडतात. दोन्ही टिकतात, झोपायला जा.

त्यानंतर गॅस. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून वर नळकांडीत शिरतो आणि मागे येऊन बोल्टला, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या तुकड्याला, ढकलतो. त्याच धक्क्यावर रायफल रिकामं काडतूस फेकते आणि नवं भरते. हे छिद्र चेंबरच्या किती जवळ यावर धक्का किती आडदांड ते ठरतं. १६ इंचाच्या नळीला 'मिड-लेंग्थ' गॅस, म्हणजे साधारण ९ इंचांची नळकांडी, जास्त सौम्य पडते. 'कार्बाइन', साधारण ७ इंचांची, चालते पण जरा हिसका देते आणि भागांना जास्त बडवते.

बोल्ट आणि त्याला वाहून नेणारा कॅरियर. रायफलीचं हृदय हे. बोल्ट कारपेंटर १५८ किंवा ९३१० पोलादाचा असावा आणि चुंबकीय पद्धतीनं तडे तपासलेला असावा. चांगले उत्पादक तसं लिहितात. पण कागदावर विसंबू नका, दुकानातच कॅरियर बाहेर काढायला सांगा. त्याच्या डोक्यावर एक छोटी नळीसारखी चावी दोन स्क्रूंनी बसवलेली दिसेल. त्या स्क्रूंच्या कडेचं लोखंड छिन्नीनं ठोकून स्क्रूच्या डोक्यावर लोटलेलं असायला हवं. आपल्याकडे लोहार रिव्हेट पक्कं करतो तसं. इथे नुसता एक नाजूक टिंब दिसला तर स्क्रू कधी ना कधी सैल होणार, वायू गळणार आणि रायफल एकेक गोळी झाडून थांबायला लागणार. असाच ठोका दस्त्यापाशी, बफर ट्यूबच्या (दस्ता जिच्यावर बसतो ती नळी) खाचांच्या नटवरही पाहा. हे दोन ठोके पाहायला अर्धा मिनिट लागतं आणि कारखान्यात काम मन लावून झालंय की नाही ते तेवढ्यात कळतं.

मॅगझिन. रायफल अडली की दहातल्या बऱ्याच वेळा गुन्हेगार मॅगझिन असतं. मॅगपुलची पीमॅग किंवा लष्करी नमुन्याची ॲल्युमिनियमची घ्या, निदान पाच घ्या आणि प्रत्येकीच्या तळाला पेंटच्या पेननं नंबर टाका. 'तीन नंबर अडते' हे कळलं तर तीन नंबर फेकता येते. नंबर नसेल तर सगळ्या रायफलीवरच संशय धरून बसावं लागतं.

चाप, दस्ता, पकड, पुढचं हँडगार्ड यांवर मी फार बोलणार नाही. कारखान्याचा साधा चाप थोडा जड आणि खरखरीत असतो, हजार गोळ्यांनंतर तो आणि तुम्ही दोघंही सुधारता. दस्त्याची लांबी मागेपुढे होते ना, एवढं पुरे. हँडगार्ड नळीला न टेकणारं, फ्री-फ्लोट, आणि एम-लॉकच्या (जोडसामान अडकवायच्या) खाचांचं असेल तर उत्तम. एकाच गोष्टीला ठाम नाही म्हणेन: नळीच्या तोंडाला मोठा मझल ब्रेक. हिसका कमी होतो खरा, पण धमाका बाजूला जातो आणि शेजारच्या बाकावरचा माणूस तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालतो. ज्वाळा कमी करणारा साधा ए-२ फ्लॅश हायडर बरा.

पायरी तीन: ऑप्टिक, इथे वेळ काढा

आता चष्म्याच्या नंबराकडे येऊ. आपल्यातले निम्मे लोक दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे, चष्मेवाले. त्यांतल्या अनेकांच्या नंबरात 'सिलिंडर' असतो, म्हणजे दृष्टिवैषम्य, ॲस्टिग्मॅटिझम. रेड डॉट ही आरसा-काचेवर प्रकाशाचा ठिपका परावर्तित करणारी साधी यंत्रणा आहे. सिलिंडरवाल्या डोळ्याला तो ठिपका गोल दिसतच नाही. कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला द्राक्षांचा घड, मला तर दिवाळीतला फुटलेला भुईनळा दिसतो. मी पहिला रेड डॉट 'बिघडलाय' म्हणून परत करायला निघालो होतो. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं शांतपणे माझाच फोन मागितला, कॅमेरा काचेमागे धरला आणि मला पडदा दाखवला. ठिपका टिकलीसारखा गोल.

म्हणून दुकानात हे करा: चष्मा घालून, दुकानाबाहेरच्या एखाद्या दूरच्या पाटीकडे पाहत, रेड डॉटचा उजेड कमी-जास्त करा. आवश्यक तेवढाच मंद ठेवला तर फुटणं बरंच कमी होतं. तरीही फुटत असेल तर फोनची परीक्षा घ्या. फोनला गोल दिसला तर दोष तुमच्या डोळ्यात आहे, २०० डॉलरचा बदलून ८०० चा घेतला तरी फरक पडणार नाही.

मग पर्याय तीन.

डोळे ठीक असतील तर रेड डॉट. सर्वसाधारण रायफलीसाठी माझी पहिली शिफारस हीच. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येतं, डोकं थोडं इकडेतिकडे असलं तरी चालतं, माउंटसकट वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास. स्वीडनच्या एमपॉइंटनं पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट १९७५ मध्ये आणला आणि आजही ती कंपनी या क्षेत्रात मापदंड आहे. त्यांच्या टी-२ ची बॅटरी एका मधल्या उजेडावर ५०,००० तास चालते, म्हणजे बंद न करता पाच वर्षांहून जास्त. किंमत मात्र पोटात गोळा आणते. दोनशे-तीनशे डॉलरमध्ये होलोसन, दीडशेच्या आसपास सिगचा रोमिओ-५ हे नवख्यासाठी पुरेसे आहेत. हलवलं की आपोआप चालू होण्याची सोय घ्या. बॅटरी संपलेली नसते, आपण चालू करायला विसरलेलो असतो.

ठिपक्याचा आकार २ एमओए घ्या. एमओए म्हणजे कोनाचं माप. १०० यार्डांवर साधारण एक इंच, नेमकं १.०४७. म्हणजे २ एमओएचा ठिपका १०० यार्डांवर दोन इंच झाकतो, २०० वर चार. यावरून रेड डॉटची मर्यादाही कळते: आठ इंचांच्या पाटीवर तो छान, दोन इंचांच्या वर्तुळावर १५० यार्डांपलीकडे तुम्ही अंदाजानं मारताय.

सिलिंडर असेल तर प्रिझम स्कोप. यात रेषा काचेवर कोरलेल्या असतात, त्यामुळे बॅटरी मेली तरी काळ्या रेषा दिसतातच आणि डोळ्याजवळची कडी फिरवून आपल्या नंबरानुसार त्या स्पष्ट करून घेता येतात. १ पट, ३ पट, ५ पट अशा ठरावीक मोठेपणात येतात. ट्रिजिकॉनची प्रसिद्ध ४ पट एकॉग याच कुळातली. तोटा एकच पण खरा: डोळा ठरलेल्या अंतरावरच ठेवावा लागतो. एकॉगला तर जेमतेम दीड इंच. चष्मा असेल तर काच काचेला टेकते की काय असं होतं. म्हणून चष्मेवाल्यांनी डोळ्यापासूनचं हे अंतर, आय रिलीफ, निदान अडीच-तीन इंच असलेलीच पाहावी.

तिसरा पर्याय एलपीव्हीओ, म्हणजे १ पटापासून सुरू होऊन ४, ६, ८ किंवा १० पटांपर्यंत जाणारी स्कोप. सध्या फॅशन हिचीच आहे आणि ती उगाच नाही. अमेरिकी लष्करानं नेमबाज सैनिकांसाठी सिगची १-६ घेतली, मरीन कोअरनं २०२० मध्ये ट्रिजिकॉनची १-८ निवडली. २०० यार्डांवर गोळी कागदावर कुठे लागली हे दिसायला लागलं की मजा वेगळीच. पण माउंटसकट ही वस्तू पाऊण किलोच्या जवळ जाते, रायफलीच्या डोक्यावर विटेचा तुकडा ठेवल्यासारखी. आणि स्वस्त एलपीव्हीओ १ पटावर खरोखर १ पट नसते; कडेला दृश्य वाकतं, दोन्ही डोळे उघडे ठेवले की गरगरतं.

घ्यायची तर १-६ घ्या आणि कारण साध्या भागाकारात आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले मोठेपण म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. २४ मिलिमीटरची काच ६ पटावर ४ मिलिमीटरचा झोत देते, १० पटावर २.४ चा. संध्याकाळी आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते, २.४ चा झोत म्हणजे किल्लीच्या भोकातून देवळाचा गाभारा बघणं. १-१० च्या पाटीवरचा दहाचा आकडा दुकानात उजेडात विकला जातो.

होलोग्राफिक हा आणखी एक प्रकार आहे, इओटेकचा. नेमाचं वर्तुळ सुरेख, काहींच्या सिलिंडरवाल्या डोळ्यांनाही तुलनेनं बरं दिसतं, पण बॅटरी वर्षांवर नाही, हजार-दोन हजार तासांवर मोजायची आणि किंमत चढी. पहिल्या रायफलीला नको.

पायरी चार: माउंट आणि स्क्रू, म्हणजे माझी फजिती

दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी ५० यार्डांवर माझे नेम भटकायला लागले. आधी वर, मग डावीकडे, मग बरोबर, मग पुन्हा वर. मी श्वासाला दोष दिला, काडतुसांना दिला, वाऱ्याला दिला, वारा नव्हताच. चाळीस गोळ्या अशा गेल्या. शेवटी शेजारच्या बाकावरची एक आजी उठून आली, तिनं दोन बोटांनी माझी स्कोप धरली आणि हलवली. ती हलली. चारशे डॉलरच्या स्कोपखाली मी पस्तीस डॉलरचं माउंट लावलं होतं, तेही हातानं 'बऱ्यापैकी घट्ट' पिळून.

तर, माउंटला ऑप्टिकच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा द्या. ते पूर्णपणे रिसीव्हरच्या रेलवर बसवा. एक पाय रिसीव्हरवर आणि एक हँडगार्डवर असं नको, कारण हँडगार्ड लवतं. खाचेत बसवून पुढे ढकला आणि मग आवळा. इंच-पाउंड दाखवणारा छोटा टॉर्क रेंच पन्नास-साठ डॉलरला मिळतो. बहुतेक माउंटचा रेलवरचा नट ६५ इंच-पाउंडांच्या आसपास आणि स्कोपवरच्या कड्यांचे स्क्रू १५ ते १८ वर आवळतात, पण शेवटचा शब्द सोबतच्या पत्रकाचा. कड्या जास्त आवळल्या तर स्कोपची नळी चेपते. आवळून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर पेंटच्या पेननं एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. दोन डॉलरचं पेन, चाळीस गोळ्या वाचल्या असत्या.

उंचीचा मुद्दा थोडक्यात: मान वाकवायला लागू नये इतकं उंच. 'लोअर थर्ड' उंचीची म्हणून मिळतात ती माउंट बहुतेकांना जमतात.

पायरी पाच: शून्य करणं

रेड डॉट असो की स्कोप, पहिल्यांदा ५० यार्डांवर शून्य करा, म्हणजे नेम जिथे तिथेच गोळी लागेल असं जुळवा. पण आधी गोळी न झाडता निम्मं काम होतं. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, मॅगझिन बाजूला ठेवा, मागची पिन काढून वरचा भाग उघडा, बोल्ट-कॅरियर बाहेर काढा. आता वरचा भाग वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मागून नळीतून पाहा: अंधाऱ्या बोगद्याच्या टोकाला कागदाचं काळं वर्तुळ मध्यभागी आणा. भाग न हलवता ऑप्टिकमधून बघा आणि ठिपका त्याच वर्तुळावर येईपर्यंत स्क्रू फिरवा. पहिली गोळी कागदावर लागण्याची जवळपास खात्री.

मग पिशव्यांवर टेकवून तीन गोळ्या, सावकाश. तिघींचा मध्य काढा आणि त्यावरून हिशोब. एका गोळीवरून स्क्रू फिरवू नका. समजा एका क्लिकला अर्धा एमओए सरकणारा रेड डॉट आहे. म्हणजे ५० यार्डांवर एका क्लिकला साधारण पाव इंच. तुमचा मध्य दोन इंच खाली आहे? आठ क्लिक वर. पुन्हा तीन. मध्यावर आलं की पाच गोळ्यांनी शिक्कामोर्तब.

५० च का? ऑप्टिक नळीच्या मध्यापासून साधारण २.६ इंच उंच असतं, म्हणजे गोळी नजरेच्या रेषेखालून निघते आणि चढत येऊन तिला छेदते. १६ इंचांच्या नळीतून ५५ ग्रेनची गोळी ५० वर शून्य केली तर १०० यार्डांवर ती साधारण दीड इंच वर, २०० वर जेमतेम इंचभर वर लागते. म्हणजे २०० पर्यंत ठिपका मध्यावर ठेवून झाडलं तरी पाटी वाजते. उलट सात यार्डांवर ती नेमापेक्षा दोन-सव्वादोन इंच खाली लागते. जवळून झाडणाऱ्या नवख्याला वाटतं रायफल बिघडली.

काडतुसांबद्दल एक इशारा. एम-८५५ प्रकारच्या हिरव्या टोकाच्या गोळ्यांत पोलादाचा तुकडा असतो. बऱ्याच रेंजवाले दारातच चुंबक लावून बघतात आणि चिकटला की परत पाठवतात. आम्हाला एकदा दीड तास गाडी चालवून असंच परत यावं लागलं. साधं ५५ ग्रेनचं, पितळी कवचाचं घ्या आणि चुंबक घरीच लावून बघा; काही स्वस्त गोळ्यांच्या आवरणातही पोलाद असतं.

पायरी सहा: भरवसा मोजून घ्यायचा असतो

पहिल्या ५०० गोळ्या सजावटीचं काहीही न बदलता झाडा. बोल्टला तेल सढळ हातानं. ही रायफल कोरडी चालत नाही, फोडणी करताना करतो तसा काटकसरीपणा नको. प्रत्येक मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडा. झाडल्यावर बोल्ट मागेच अडकून राहिला तर गॅस पुरेसा आहे आणि मॅगझिनची स्प्रिंगही ठीक आहे. रिकामी कवचं कुठे पडतात ते पाहा. तुम्ही घड्याळातल्या बाराकडे तोंड करून उभे असाल तर तीन ते पाचच्या दरम्यान पडली तर छान. एक-दोनच्या दिशेनं जोरात उडत असतील तर गॅस जास्त आहे. थोडा जड 'एच' बफर (बफर ट्यूबमधलं, बोल्टचा धक्का झेलणारं वजन) बहुधा काम करतो.

अडलीच तर क्रम हा: मॅगझिन बदला, काडतूस बदला, तेल घाला, मग एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं कवच ओढून काढणाऱ्या आकडीची) स्प्रिंग बघा. आणि बोल्टवरच्या तीन बारीक कड्या: बोल्ट बाहेर ओढून कॅरियर त्याच्यावर उभा करा. स्वतःच्या वजनानं खाली बसला तर कड्या झिजल्या. नवा संच काही डॉलरचा.

कानांना दोन थर, आत बोळे आणि वर मफ्स, खासकरून छप्पर असलेल्या रेंजवर. रायफलीचा धमाका १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि गेलेले कान परत येत नाहीत. रेंजची पिशवीही वेगळी ठेवा, प्रवासाला कधीच वापरू नका; कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळावर, मग तो डॅलसचा असो की मुंबईचा, सुट्टीची वाट लावतं. ऑप्टिक भारतातल्या मित्राला भेट म्हणून नेणंही विसरा, रायफलीच्या स्कोपवर अमेरिकेतून निर्यातीचे निर्बंध आहेत.

वर्षातून एकदा सगळं खोलून बघायला एक ठरलेला दिवस हवा. मी खंडेनवमीचा धरलाय. त्या सकाळी रायफल उलगडतो, कार्बन खरवडतो, स्क्रूंवरच्या रेघा तपासतो, ऑप्टिकची बॅटरी जुनी चालत असली तरी नवी घालतो आणि वहीत तारीख टाकतो. मग पुसून, रिकामी, बोल्ट उघडा ठेवून पाटावर. पहिल्या वर्षी बायकोनं कौतुकानं थेट स्कोपच्या पुढच्या काचेलाच कुंकू लावलं. तेल मिसळलेलं होतं, काचेच्या कडेत गेलेलं काढायला दोन दिवस आणि मऊ ब्रश लागला. आता पाटावर ठेवण्याआधी काचांना टोपणं लावतो आणि बोट दस्त्याकडे दाखवतो.